पायाचा डॉपलर नॉर्मल, तरी गुठळी?

प्रश्न : मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, ३०वा आठवडा चालू आहे. डावा पाय जांघेपर्यंत सुजला. कंबर आणि कुल्ला दुखत होता. पायाच्या डॉपलरमध्ये (शिरांच्या सोनोग्राफीत) काही निघालं नाही. तीन दिवसांनी एमआरआयमध्ये ओटीपोटातल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. रोज दोन इंजेक्शनं सांगितली आहेत. गोळ्या चालणार नाहीत का? पाय तेलाने चोळू का?

उत्तर : ताई, पाय अजिबात चोळू नका. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. अचानक दम लागला, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

डावी इलियाक शीर (पायाचं रक्त ओटीपोटातून वर नेणारी मोठी शीर) उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते, त्यात गर्भाशयाचा भार. म्हणून गरोदरपणातल्या बहुतेक गुठळ्या डाव्या पायाकडेच होतात. डॉपलरमध्ये शीर दाबून पाहतात. ओटीपोटातली शीर तशी दाबता येत नाही, म्हणून तिथली गुठळी निसटते. संपूर्ण पाय सुजला असेल, तर एका नॉर्मल रिपोर्टवर थांबायचं नसतं. तुम्ही पुढची तपासणी केलीत, हे फार चांगलं झालं.

वॉरफरिनच्या गोळ्या वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, रक्त पातळ करणाऱ्या इतर नव्या गोळ्याही गरोदरपणात टाळतात. एनोक्सापॅरिनचं इंजेक्शन मात्र वार ओलांडत नाही. डोस वजनावर ठरतो : साधारण किलोमागे १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. बेंबीपासून दोन इंच सोडून, चिमटीत धरलेल्या कातडीत सुई सरळ उभी टोचायची. भरून आलेल्या सिरिंजमधला बुडबुडा काढायचा नाही, चिमूट सुई निघेपर्यंत सोडायची नाही. जागा चोळली की काळंनिळं होतं. बाजू आलटूनपालटून घ्या.

केवळ गुठळीसाठी सिझेरियन लागत नाही. तारीख ठरवून प्रसूती करायची असेल, तर शेवटचा डोस २४ तास आधी घेतात. पाठीतली भूल सुरक्षित राहावी म्हणून. कळा आपोआप सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, तर पुढचं इंजेक्शन न घेता दवाखाना गाठा आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते सांगा. ही वेळ रोज वहीत लिहून ठेवा.

प्रसूतीनंतर औषध किमान ६ आठवडे, एकूण किमान ३ महिने चालतं. तेव्हा वॉरफरिन देता येतं, अंगावर पाजायलाही हरकत नाही. पहिल्या ६ आठवड्यांत गुठळीचा धोका सर्वाधिक असतो, त्यामुळे सव्वा महिना तिला खाटेवर झोपवून ठेवू नका. डॉक्टरांची परवानगी मिळताच घरातल्या घरात चालू द्या, पाणी भरपूर द्या.