पित्ताचे खडे, काकडी आणि अर्धी वाटी भज्जी

मॅडमचं उन्हाळ्याच्या सुट्टीत पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, असं शाळेत सगळ्यांना माहीत होतं. भावकीतही तेच सांगितलेलं. खरं काय ते नवऱ्याला आणि पुण्याच्या सर्जनला ठाऊक, आणि नोव्हेंबरच्या शेवटी त्या समुपदेशनासाठी आल्या तेव्हा मला कळलं. खडे नव्हतेच. वजन कमी करण्यासाठी जठराचं ऑपरेशन झालं होतं, स्लीव्ह.

"ताई, एकच विचारायचंय," खुर्चीत टेकायच्या आधीच त्या म्हणाल्या. "हे लोकांना सांगायलाच पाहिजे का?"

हे ऑपरेशन झालेली माझ्याकडे आलेली बहुतेक माणसं कधी ना कधी हाच प्रश्न विचारतात. म्हणून मॅडमच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हे लिहिते आहे.

त्या लातूर जिल्ह्यातल्या एका गावच्या शिक्षिका, वय चाळिशीच्या आत, घर माळकरी. ऑपरेशनआधी वजन ११२ किलो, माझ्याकडे आल्या तेव्हा ८३. गुडघे हलके झालेले, बीपीची गोळी सुटलेली. केस मात्र पुंजक्यांनी गळत होते, दंडाची कातडी लोंबत होती म्हणून ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. केसांचं मी लगेच सांगून टाकलं: वजन झपाट्याने उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि प्रथिनं, लोह वगैरे नीट असेल तर बहुतेकांचे परत येतात.

पहिला पाऊण तास मी चुकीच्या वाटेने गेले, हे कबूल करते. "आरशात अजून जुनीच बाई दिसते," असं त्या म्हणाल्या आणि मी तोच धागा धरून बसले. पुस्तकी समुपदेशन. निघताना त्यांनी चप्पल घालायला भिंतीचा आधार घेतला. एवढ्या तरण्या बाईला चपलेसाठी भिंत का लागावी? विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पायाला मुंग्या येतात हो. अन् उलट्यांनी अशक्तपणा आलाय."

"उलट्या? किती दिवस?"

"गौरीपासून. रोज नाही, पण एक दिवसाआड तरी होतेच."

मी त्यांना परत बसवलं.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी. सुरुवातीला तिच्यात चहाच्या कपाएवढंच मावतं. घास लहान, चावून चावून, जेवायला वीस-पंचवीस मिनिटं, जेवताना पाणी नाही आणि नंतरही अर्धा तास नाही. हे सगळं मॅडमना तोंडपाठ होतं. घरी एकट्या जेवायच्या तेव्हा एकही उलटी होत नव्हती. उलटी व्हायची ती चारचौघांत जेवल्यावर. स्टाफरूममध्ये डबे उघडले की एखादी बाई म्हणायची, "अहो, घ्या की अजून," आणि संशय नको म्हणून त्या घ्यायच्या. गौरी जेवणाला पुरणपोळी आख्खी खाल्ली. गावाकडे सासूबाई म्हणायच्या, "काय गं, असं चिमणीवानी खाऊलालीस? पोराच्या घरी खायाला नाही का?" मग भात, वरून पाणी, आणि मागच्या दारी जाऊन ओकायचं. गुपित सांभाळायला त्या जेवत होत्या.

गोळ्यांचंही तसंच. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, कॅल्शियम, लोह या गोळ्या अशा ऑपरेशननंतर जन्मभर घ्यायच्या असतात, त्यातही कॅल्शियम आणि लोह यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवायचं. मॅडमनी त्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये लपवलेल्या. घरात पाहुणे असले की ड्रॉवर उघडत नसे. प्रोटीन पावडरचा डबा गोदरेजच्या कपाटात साड्यांमागे. माळकरी घरात अंडंही चालत नाही, तेव्हा तो डबा किती गरजेचा होता ते वेगळं सांगायला नको.

सगळ्यात जास्त धसका मी वेगळ्याच गोष्टीचा घेतला. दिवाळीत उलट्यांनी त्या इतक्या गळून गेल्या की गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावून आल्या. आपल्याकडे अशक्तपणाला सलाईन म्हणजे पहिला उपाय. आणि त्या डॉक्टरांनाही त्यांनी काय सांगितलं? पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन. शरीरात बी-१, म्हणजे थायमिन, जेमतेम दोन-तीन आठवड्यांपुरतं साठलेलं असतं. वारंवार उलट्या झाल्या की ते संपतं. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, चालण्याचा तोल जातो, नजर दुहेरी होते, स्मरणशक्तीवर कायमचा परिणाम राहू शकतो. पाहणाऱ्या डॉक्टरांना खरं माहीत असतं तर त्यांनी आधी थायमिन दिलं असतं. खोट्याची एवढी किंमत मी त्याआधी कधी मोजली नव्हती.

त्या दिवशी समुपदेशन तिथेच थांबवलं. त्यांच्या समोरच त्यांच्या नवऱ्याला फोन केला आणि संध्याकाळच्या आत फिजिशियनकडे पाठवलं. "सगळं खरं सांगायचं," एवढंच बजावलं. थायमिन इंजेक्शनने सुरू झालं, बी-१२ खूपच खाली होतं, पुण्याच्या सर्जनशी फोनवर बोलणं झालं, नळी कुठे आखडली नाही ना हेही तपासलं. मुंग्या कमी व्हायला दोन-तीन आठवडे लागले.

मग खरं काम सुरू झालं. का लपवलं? नवऱ्याचं वाक्य होतं: "लोक म्हणतील, खाऊन खाऊन फुगली अन् पैशानं बारीक झाली." मॅडमचं स्वतःचं त्याहून कडू होतं, "मी शॉर्टकट मारला."

मी विचारलं, "सासऱ्यांचा मोतीबिंदू काढला तेव्हा कुणी म्हणालं का, डोळ्याला शॉर्टकट मारला म्हणून?" त्या हसल्या, पण पटलं नव्हतं. म्हणून सावकाश बोललो. पंधरा वर्षांत त्यांनी केलेले उपास, चालणं, काढे, कमी झालेले आणि दुप्पट परत आलेले किलो कागदावर मांडले. उपाशी ठेवलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च आवरतं. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग जातो तिथेच भुकेचं एक मुख्य संप्रेरक तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक मंदावते. २०२२ साली अशा शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या दोन मोठ्या संघटनांनी मिळून सांगितलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३५च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ही शस्त्रक्रिया सुचवावी, आणि आशियाई लोकांसाठी २७.५पासूनच. मॅडमचा बीएमआय ४५च्या पुढे होता. आणि शॉर्टकट म्हणावा तर पुढची सगळी हयात मोजून खायचं, हा कसला आडमार्ग? त्यात पहिली वर्ष-दीड वर्षं मोलाची. नंतर भूक हळूहळू परत येते, नळीतही थोडं जास्त मावू लागतं. तोवर सवय बसली नसेल तर वजन पुन्हा चढू शकतं. मॅडमचे त्यातले सात महिने लपवण्यात गेले होते.

तरीही मी त्यांना "सगळ्यांना सांगा" म्हटलं नाही. आपलं ऑपरेशन म्हणजे काही सत्यनारायणाचा प्रसाद नव्हे, प्रत्येकाच्या हातावर ठेवायला. तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला मात्र सांगायचंच, कारण गुडघ्यासाठी सहज घेतलेली वेदनाशामक गोळीही या पोटात जखम करू शकते. घरात, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर सोबत येईल अशा एकाला तरी सांगायचं. बाकीच्यांसाठी आम्ही एक वाक्य घडवलं आणि आठ-दहा वेळा मोठ्याने म्हणून घेतलं: "पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी थोडं थोडंच खायला सांगितलंय." यात खोटं काही नाही, फक्त सगळं सांगितलेलं नाही. पित्ताच्या खड्यांची गोष्ट तशीही लंगडीच होती: वजन झपाट्याने उतरलं की खडे होण्याची शक्यता खरोखरच वाढते. उद्या खरंच झाले तर दुसऱ्यांदा काय सांगणार होत्या?

इथवर सगळं सुरळीत होतं. मग डिसेंबरात काकडीचं प्रकरण झालं.

"मॅडम, इतक्या बारीक कशा झालात?" या प्रश्नाला त्यांनी एक उत्तर ठरवून ठेवलं होतं: दिवसभर काकडी आणि लिंबूपाणी, रात्री एक भाकरी. शाळेतल्या दुसऱ्या एका बाईंनी ते मनावर घेतलं. त्यांना मधुमेह, सकाळची गोळी चालू. गोळी घ्यायची आणि काकडीवर राहायचं. एके दिवशी परिपाठाला त्या घाम येऊन खाली बसल्या, साखर उतरली होती. साखरपाणी दिल्यावर सावरल्या.

मॅडम माझ्याकडे आल्या त्या रडतच. "मी त्यांना मारलंच असतं, ताई." मी सांत्वन केलं नाही. विचारलं, "त्यांना काय सांगणार?" आपण कुणाला काही सांगणं लागत नाही हे खरं, पण आपल्या बनवलेल्या उत्तरावर कुणी औषधं घेऊन उपाशी राहत असेल तर ते उत्तर मागे घ्यावंच लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग सहा महिने मला का फसवलंत?" आणि वर्गावर निघून गेल्या.

येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, तोंडावर होती. शिवारात कडब्याच्या कोपीसमोर पंगत, भज्जी (तळलेली भजी नव्हे, वाटाणे-भाज्यांची एकत्र शिजवलेली भाजी), आंबील, उंडे, खीर, आणि वाढायला सासूबाई. मॅडमना त्याची धास्ती होती. आदल्या संध्याकाळी भज्जीसाठी वाटाणे सोलताना त्यांनी सासूबाईंना सांगून टाकलं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "काढलेलं पोट कुठं टाकलं म्हणं?"

अमावस्येच्या रात्री मॅडमचा फोन आला. "ताई, आमच्या सासूबाईंनी सगळ्या शिवाराला सांगितलं हो! सुनेचं पोट कापलंय, कुणी आग्रह करू नका, म्हणून ओरडत हिंडत होत्या."

"मग?"

"एक चुलत जाऊ बोलली टोचून. बोलू दे. अर्धी वाटी भज्जी खाल्ली, आंबील तासाभरानं घोट घोट प्याले. उलटी नाही झाली."

"आणि शाळेतल्या बाई?"

"गोळीचं विचारायला डॉक्टरकडे जाऊन आल्या. पण डबा अजून वेगळ्या बाकावर बसून खातात."