‘आमच्याकडे काही नाही’ म्हणणाऱ्या मुलीला

अनेक आशीर्वाद.

पक्षी बघायला शिकण्यासाठी वाचायच्या पुस्तकांची तुझी यादी पोचली. तिच्यात वाईट पुस्तक एकही नाही, तरी ती वाचून मी वैतागलो. कारण यादीखाली तू लिहिलं आहेस, ‘आमच्या गावाकडे बघण्यासारखं काही नाही, म्हणून निदान वाचून तरी घेते.’ एवढं वाक्य नसतं तर चार पुस्तकांपुढे खुणा करून मी यादी परत धाडली असती आणि दोघंही मोकळे झालो असतो.

गावामागे पाझर तलाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला गायरान आहे, ओढ्याला बाभळी आहेत, हे मागच्या पत्रात तूच लिहिलं होतंस. मग काही नाही म्हणजे नेमकं काय नाही? वाघ नाही. धनेश नाही. तुमच्या त्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर टाकला की पन्नास अंगठे मिळतील असा फोटो नाही. ते नसणारच. पण वाचनाच्या यादीचा आणि या ‘काही नाही’चा फार जवळचा संबंध आहे, आणि तुझं मत मला तिथेच मोडायचं आहे.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. पहिली दोन-तीन वर्षं फक्त एका जागी बसलेल्या माणसांची पुस्तकं वाच. फिरलेल्यांची नंतर.

गिल्बर्ट व्हाईटपासून सुरू करू. इंग्लंडातल्या सेलबोर्न नावाच्या खेड्यातला हा पाद्री. त्याचं पुस्तक 1789 सालचं, आणि ते सगळं पत्रांचंच आहे. गाव सोडून तो फार कुठे गेला नाही. पण वटवट्या पक्ष्यांच्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन जातींना त्यांच्या गाण्यावरून त्याने वेगळं ओळखलं, ते त्याच गावात. पाकोळ्या हिवाळ्यात दूर जातात की इथेच कुठेतरी दडून झोपतात, हे मात्र त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि ते त्याने लपवलं नाही. तरुण डार्विनने हे पुस्तक वाचून पक्षी बघायला सुरुवात केली. सेलबोर्नमध्ये तरी काय होतं? गाव, ओढा, झाडी.

व्हाईट दूरचा वाटत असेल तर ‘इहा’ या टोपणनावाने लिहिणारा घे. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे पूर्ण नाव, जन्म साताऱ्याचा, 1851 चा. नोकरी कस्टम आणि मीठ खात्यात. 1883 साली मुंबईत बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, सुरू करणाऱ्यांतला तो एक. त्याच वर्षी त्याचं पहिलं पुस्तक आलं आणि ते कशावर, तर बंगल्यातले उंदीर, मुंग्या, बेडूक आणि कावळे यांवर! शिकारीच्या गप्पांचा तो काळ. सगळे साहेब वाघाच्या मागे, आणि हा व्हरांड्यात बसून मुंग्यांची रांग बघतोय. पुढे 1900 साली त्याचं ‘कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ निघालं. पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला लहानगा सालिम अली बीएनएचएसच्या दारात गेला, ही गोष्ट तुला पाठ असेल. तिथल्या मिलर्ड साहेबांनी त्या मुलाला वाचायला दिलेल्या पुस्तकांत हे एक होतं, एवढंच सांगतो. म्हणजे सालिम अलींच्या हातात सुरुवातीला पडलं ते काँगोच्या जंगलाचं पुस्तक नव्हतं. खिडकीतून दिसणाऱ्या पक्ष्यांचं होतं.

आता सालिम अलींकडे जरा सावकाश जाऊ. तुझ्या यादीत त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आहे, अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ रिप्ली यांच्याबरोबर लिहिलेले हँडबुकचे दहा खंडही आहेत. दहा खंड तू आत्ता विकत घेणार आहेस? कशाला? त्यापेक्षा त्यांचा 1931 साली बीएनएचएसच्या जर्नलमध्ये आलेला सुगरणीवरचा लेख वाच. जर्नलचे जुने अंक स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवलेले आहेत. हा लेख कसा झाला तेही ऐक. बर्लिनहून शिकून ते परत आले, तर संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. नोकरी नाही. मग नवराबायको अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वस्ती होती. 1930 चा पावसाळा त्यांनी त्या वस्तीपुढे बसून काढला. बस्स. मोहीम नाही, अनुदान नाही.

आणि निघालं काय? खोपा नर विणतो. अर्धा विणून झाला की माद्या येतात, आत शिरून बघतात, पसंत पडला तर ताबा घेतात. मग नर तो पुरा करतो, मादी अंडी घालते, आणि हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. बहिणाबाईंच्या कवितेतली सुगरण आपल्या सगळ्यांच्या मनात इतकी घट्ट बसली आहे की नर विणताना समोर दिसला तरी आपण त्याला मादीच समजतो. कवितेला मी नावं ठेवत नाही. पण समोर बसल्याशिवाय हे कळत नाही, आणि बसायला किहीमच पाहिजे असंही नाही. तुझ्या ओढ्याच्या बाभळींवर पावसाळ्यात सुगरणी असणार. तू त्या लेखाची छापील पानं घेऊन तिथे बस आणि एकेक वाक्य ताडून बघ. असं वाचन तुझ्या यादीतल्या कुठल्या पुस्तकाने होणार आहे?

तू लिहितेस की इंग्रजी जड जातं आणि म्हणून भीती वाटते. जड जाऊ दे. मलाही जायचं. पण मराठीत एका जागी बसलेली माणसं कमी आहेत का? व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ वाच. मग लगेच किरण पुरंदऱ्यांचं ‘मुक्काम पोस्ट नागझिरा’ वाच. हा माणूस त्या जंगलाच्या काठावर 400 दिवस राहिला. जंगल एक, माणसं दोन, काळ वेगळा. दोघांना काय काय दिसलं ते शेजारी-शेजारी ठेवून वाचलंस तर बघायचं कसं ते तुझं तुला कळेल, मला शिकवावं लागणार नाही. मारुती चितमपल्लींचं ‘पक्षी जाय दिगंतरा’ तू यादीत घातलंस ते बरं केलंस, पण त्याच्याआधी त्यांचं ‘नवेगावबांधचे दिवस’ वाच. तिथल्या तळ्याकाठी, तिथल्या माणसांबरोबर राहून ते शिकले. चितमपल्ली मूळ सोलापूरचे. 2025 च्या जूनमध्ये गेले तेही सोलापुरातच. आमच्या जिल्ह्याचा माणूस, म्हणून मी जरा जास्त बोलतो असं म्हण हवं तर.

आणि दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’. 1956 चं पुस्तक, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. ते सलग वाचून संपवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. ज्या महिन्याचं प्रकरण, ते त्याच महिन्यात वाचायचं. वर्ष लागेल. लागू दे.

एका जागेचा हा हट्ट मी का धरतो ते रानपिंगळ्याच्या गोष्टीवरून सांगतो. घुबडाच्या जातीचा हा छोटा पक्षी ह्यूमने 1873 साली जगापुढे आणला. शेवटचा खरा नमुना 1884 चा, खानदेशातला, जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने गोळा केलेला. त्यानंतर माईनर्ट्झहागेन नावाचा एक लष्करी साहेब म्हणाला की मला तो 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाला. पुस्तकांनी ते छापलं. लोक त्या नोंदीच्या भरवशावर शोधत राहिले आणि त्यांना काही मिळालं नाही. नव्वदच्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा उघड झालं की साहेबाचा तो नमुना डेव्हिडसनचाच, ब्रिटिश संग्रहालयातून उचललेला. नवं लेबल लावलेलं, ठिकाण खोटं, तारीख खोटी. मग खोटी नोंद बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या लेबलांवरच्या जागी गेले, आणि 1997 च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला. 113 वर्षांनी!

हा पक्षी डेव्हिडसनच्या प्रामाणिक चिठ्ठीमुळे सापडला, हे ध्यानात घे. जिथे होतो तिथलं नाव, ज्या दिवशी बघितलं ती तारीख. ज्या पुस्तकात या दोन गोष्टी सापडत नाहीत, नुसतं ‘अरण्याची गूढ हाक’ वगैरे असतं, ते पुस्तक कितीही सुंदर असो, तुझ्यासाठी आत्ता नाही. यादीतली अशी पुस्तकं मी पेन्सिलीने खोडली आहेत. रागावू नको. रागावलीस तरी चालेल.

आता तू म्हणशील, सर स्वतः कुठे गेले नाहीत म्हणून असं सांगतात. बरोबर आहे. माझे मित्र अरुणाचलला जाऊन आले, अंदमानला जाऊन आले, त्यांच्या लाईफलिस्टपुढे, म्हणजे आयुष्यभरात पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीपुढे, माझी लिस्ट म्हणजे पोरखेळ आहे. मुलगा विचारतो, बाबा, त्याच माळावर रोज काय बघता? मी त्याला उत्तर देत नाही. तुला देतो. नांगरट कुठवर आली की धाविक पक्षी कुठे सरकतात, हे मला ठाऊक आहे. पखुर्ड्या पाण्यावर किती वाजता उतरतात आणि मेंढरं पुढे गेली असली तर किती उशीर करतात, तेही. भोवत्ये हे शिकारी पक्षी हिवाळ्यात रात्रीला गवतात जिथे उतरायचे त्या तुकड्यावर आता प्लॉटिंगचे दगड आहेत, आणि ते दगड येण्याआधी तिथे काय होतं हे सांगू शकेल असा कागद माझ्या वह्यांशिवाय कुठेच नाही. सरकारी कागदावर ती जमीन ‘पडीक’ आहे.

मला खंत आहे ती अरुणाचल राहिल्याची नाही. माझ्या आधी त्या माळावर कोणी लिहून ठेवलं नाही, याची आहे. म्हातारे मेंढके सांगायचे, इथे माळढोक यायचा. कधी? किती? शेवटचा कोणी पाहिला? काही नाही, सगळं तोंडी, आणि ती तोंडंही आता उरली नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नजला अभयारण्य झालं 1979 साली, ऐंशीच्या दशकात बीएनएचएसतर्फे असद रहमानींनी तिथल्या माळढोकांचा अभ्यास केला, म्हणून नान्नजचं निदान कागदावर आहे. माझ्या माळाचं नाही. आपल्या मराठीत जंगलावर शेल्फ भरतील एवढी पुस्तकं आहेत, माळावर शोधावी लागतात. का, तर सगळ्यांना वाटत होतं तिथे काही नाही! तुझंच वाक्य.

2023 चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल तुझ्या यादीत नाही, तो घाल, फुकट आहे. 942 प्रजातींचा आढावा आहे त्यात, आणि माळरानांच्या, उघड्या मुलखाच्या पक्ष्यांची घसरण ठळकपणे दिसते. तो अहवाल कशावर उभा आहे? ठिकठिकाणच्या साध्या लोकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या याद्यांवर. माझ्या माळाच्या कंटाळवाण्या याद्याही त्यात गेल्या आहेत. पाझर तलावाची एक तरी यादी कोणी टाकली आहे का ते बघून मला कळव. माझी पैज आहे, नसेल.

राहिलं फील्ड गाईड, पक्षी ओळखायचं चित्रांचं पुस्तक. ग्रिमेट-इन्स्किपचं घे, एकच घे, त्याच्यावर वाद घालू नको. ते वाचायचं पुस्तक नव्हे, शब्दकोशासारखं हाताशी ठेवायचं. ग्रुपवरची मुलं फोटोवरून शिकरा हा शिकारी पक्षी की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणी हे क्षणात सांगतात आणि तुला लाज वाटते, असं लिहिलंस. त्यांना विचार, तो शिकरा परवा कुठल्या झाडावर बसला होता. पक्ष्यांची नावं सांगणारं मर्लिन ॲप वापर, माझी ना नाही. पण ॲपने नाव सांगितलं की तू वर बघायचं थांबतेस का, ते स्वतःला विचार. हप्त्यावर लेन्स घेण्याचा विचार सोड. 8 बाय 42 ची साधी दुर्बीण पुरे, तीही जुनी मिळाली तर उत्तम. उरलेल्या पैशांत वर सांगितलेली सगळी मराठी पुस्तकं येतात आणि एसटीचं भाडंही सुटतं. दर सुट्टीला भिगवणला रोहित बघायला जातेस तेवढ्या खर्चात गावाला जा.

सोबत ‘मुक्काम पोस्ट नागझिरा’ची माझी प्रत पाठवतो आहे. समासात मी बरंच खरडलं आहे, काही ठिकाणी लेखकाशी भांडलोही आहे, तिकडे लक्ष देऊ नको. तुझं तू लिही, पेन्सिलीने. पुढच्या पत्रात मला पुस्तकांची नावं नकोत. तलावाचं पाणी कुठवर आलंय, काठावर चिखल किती उघडा आहे आणि त्यावर कोण चालतंय ते लिही, तारखेसकट.

आणि प्रत परत करायची आहे. गेल्या वेळचं ‘ऋतुचक्र’ अजून एका विद्यार्थ्याकडेच आहे.