गेमिंगमध्ये एखाद्याला ‘फॅनबॉय’ म्हणतात, तेव्हा नेमके काय म्हणायचे असते?

तुमचा प्रश्न असा आहे की, मित्रांमध्ये बोलताना ‘मला प्लेस्टेशन जास्त आवडते’ एवढेच म्हटल्यावर एकाने तुम्हाला सोनीचा फॅनबॉय ठरवले, तर हे कौतुक समजायचे, थट्टा समजायची की शिवी? बहुतेक वेळा तो टोमणाच असतो, आणि तुम्ही सांगितलेली हकिगत एवढीच असेल तर तो तुम्हाला लागू पडत नाही. आवड किती तीव्र आहे यावरून कोणी फॅनबॉय ठरत नाही. एखादी गेममालिका पहिल्या भागापासून खेळत आलेला आणि तिची प्रत्येक डिस्क जपून ठेवणारा माणूस तिचा नवा भाग फसला आहे असे मोकळेपणाने सांगू शकत असेल, तर तो चाहताच. फॅनबॉय तो, ज्याचे निकष आपल्या कंपनीच्या सोयीने बदलतात.

टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांच्या, म्हणजे कन्सोलच्या, गेल्या दोन पिढ्यांच्या वेळी हे फार स्वच्छ दिसले. २०१३ च्या नोव्हेंबरात सोनीचा प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन बाजारात आले, तेव्हा ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’ हा गेम प्लेस्टेशनवर १०८०पी आणि एक्सबॉक्सवर ७२०पी रिझोल्यूशनने चालत होता (आकडा मोठा, तितके चित्र अधिक रेखीव). सोनीच्या बाजूने भांडणारे त्या वेळी एकेक पिक्सेल मोजत होते, आणि मायक्रोसॉफ्टच्या बाजूचे लोक सोफ्यावर बसलेल्या माणसाला हा फरक दिसतच नाही असे छातीठोकपणे सांगत होते. २०२० मध्ये पुढच्या यंत्रांचे आकडे जाहीर झाले. एक्सबॉक्स सिरीज एक्सची क्षमता १२ टेराफ्लॉप्स (यंत्राच्या आकडेमोडीचा वेग मोजण्याचे एकक) आणि प्लेस्टेशन ५ ची १०.२८ टेराफ्लॉप्स निघाली, आणि पाहता पाहता दोन्ही बाजूंनी जागा बदलल्या. एक्सबॉक्सवाल्यांना आकड्यांखेरीज दुसरे काही सुचेना, तर प्लेस्टेशनवाल्यांच्या मते टेराफ्लॉप्समध्ये काही अर्थ उरला नव्हता आणि सारे महत्त्व एसएसडीच्या, म्हणजे गेमचा डेटा साठवणाऱ्या भागाच्या, वेगाला आले होते, कारण तिथे त्यांचे सेकंदाला ५.५ गीगाबाइट समोरच्याच्या २.४ गीगाबाइटच्या दुपटीहून अधिक होते. गंमत म्हणजे दोन्ही वेळी मांडलेले मुद्दे तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते. कोणता मुद्दा कधी बाहेर काढायचा, एवढेच पक्षनिष्ठेने ठरत होते.

माणसे असे का वागतात, याचे एक कारण खिशात आहे. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सची सुरुवातीची किंमतही तेवढीच होती. मुंबईत वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या, घरातल्या एकुलत्या एका टीव्हीवर आईची मालिका संपण्याची वाट पाहणाऱ्या मुलाला दोन्ही यंत्रे घेणे शक्य नसते, आणि एकदा एकावर पन्नास हजार घातले की दुसरे कदाचित बरे होते हा विचार मनाला बोचतो. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलेला सिद्धान्त याच बोचणीविषयी आहे: परस्परांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी मनात घेऊन जगणे अवघड जाते, म्हणून माणूस त्यांतली एक बदलून घेतो. घेतलेली वस्तू बदलता येत नसेल, तर तिच्याविषयीचे मत बदलते.

दुसरे कारण मला अधिक अस्वस्थ करणारे वाटते. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात, तुम्हाला क्ली हा चित्रकार आवडतो की कँडिन्स्की एवढ्याच सबबीवर मुलांचे दोन गट असल्याचे त्यांना सांगितले होते. प्रत्यक्षात ती विभागणी स्वैर होती. तरीही पैसे वाटण्याची वेळ आली तेव्हा, आपल्या गटाला एकूण कमी मिळाले तरी चालेल पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, असा कल अनेक मुलांनी दाखवला. समोरच्या कंपनीचा गेम आपटला म्हणून आनंद मानणारे लोक पाहिले की हा प्रयोग आठवतो. त्या आनंदातून त्यांच्या पदरात काहीच पडत नाही.

आपल्याकडे हा शब्द कन्सोलपेक्षा मोबाइलवर जास्त उधळला गेला. पबजीवाले आणि फ्री फायरवाले यांच्यातील वैर तुम्ही लोकलच्या डब्यातही ऐकले असेल. फ्री फायर कमी रॅमच्या स्वस्त फोनवरही चालत असे, त्यामुळे ‘फ्री फायरचा फॅनबॉय’ या शब्दांत पुष्कळदा ‘तुझा फोन साधा आहे’ ही हेटाळणी दडलेली असायची, आणि ती आवडीनिवडीच्या वादापलीकडची, सरळ ऐपतीवर बोट ठेवणारी होती. पुढे सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी घातली, तेव्हा एकमेकांच्या दुःखावर हसण्याची पाळी दोन्ही बाजूंना एकेकदा आली.

कंपन्या या भांडणाला खतपाणी घालतात, हेही खरे. कन्सोलच्या विक्रीत नफा थोडा किंवा अजिबात नसतो. कमाई होते ती कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेमवर घेतल्या जाणाऱ्या, साधारणपणे ३० टक्क्यांच्या वाट्यातून, त्यामुळे ग्राहक एका कुंपणात राहणे त्यांना हवेच असते. सेगा या कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेत थेट निन्टेन्डो या प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन जाहिराती केल्या. पण २००१ मध्ये त्याच सेगाने कन्सोल बनवणे सोडले, आणि २००७ मध्ये निन्टेन्डोचा मारिओ व सेगाचा सॉनिक एकाच गेममध्ये ऑलिंपिक खेळताना दिसले. एक्सबॉक्सचा ‘सी ऑफ थीव्ह्ज’ हा गेमही २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला. ज्यांनी या नावांसाठी मैत्री तोडली असेल, त्यांना कोणी विचारले नव्हते.

मुंबईत संगणकाच्या सामानाच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुकानात थोडा वेळ उभे राहिलात तर याची दुसरी बाजू दिसेल. काउंटरवर कॉलेजची दोन मुले ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे की एएमडीचे यावर हमरीतुमरीवर आलेली असतात, दोन्ही कंपन्यांची खोकी एकाच फळीवर शेजारी असतात, आणि दुकानदार शांतपणे एवढेच विचारतो की बजेट किती आहे आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) किती वॅटचा आहे. माझ्या मते त्याचे हे दोन प्रश्न त्या मुलांच्या अर्ध्या तासाच्या वादापेक्षा उपयोगाचे असतात.

आता तुमच्या मित्राविषयी. समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर सुचले नाही की ‘फॅनबॉय’ म्हणून विषय संपवणारेही पुष्कळ असतात, आणि असे म्हणणारा बहुधा दुसऱ्या कंपनीचा तितकाच कडवा पाठीराखा निघतो. म्हणून रागावण्याऐवजी, मी कोणती गोष्ट चुकीची सांगितली, असे त्याला विचारा. त्याच्याकडे उत्तर नसेल तर शब्द सोडून द्या. मात्र सोनीने नव्या गेमची किंमत ४,९९९ रुपये केली किंवा २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ महाग करून ५४,९९० रुपयांवर नेला, तेव्हा तुम्ही स्वतःच्या खिशातून पैसे देणारे ग्राहक असूनही कंपनीची वकिली करत होतात असे त्याने दाखवून दिले, तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल.