चार दिवस चालणं, मग पुन्हा पांघरूण

प्रश्न : माझ्या यजमानांना नैराश्य आहे. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चार दिवस जातात, मग पांघरुणातून बाहेर येत नाहीत. मी रागावले की अजूनच गप्प होतात. काय करू?

उत्तर : रागावू नका. हा आळस नाही, उमेद जाणं हे या आजाराचंच लक्षण आहे. 'मन झालं की जाईन' यावर सोडलं तर मन होतच नाही.

बहुतेकदा बिनसतं ते पहिल्याच दिवशी पाऊण तास चालल्यामुळे. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात, आणि 'माझ्याच्याने हेही होत नाही' हे मनात पक्कं बसतं. पहिला आठवडा १० मिनिटंच, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. नैराश्यात अनेकांना सकाळ सगळ्यात जड जाते, मग पहाटेचा हट्ट कशाला? संध्याकाळच्या चहाचा कप खाली ठेवला की निघायचं. बूट दाराशी, नाड्या सैल केलेल्या. 'जाताय का?' असं विचारू नका, 'चला' म्हणा आणि सोबत निघा.

रोज जमलंच पाहिजे असं नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या १९९९ च्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा व्यायाम करणारे रुग्ण १६ आठवड्यांनी गोळ्या घेणाऱ्यांइतकेच सुधारले होते. खाडा पडला तर निम्म्या वेळेपासून पुन्हा सुरू करा.

गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलले तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांना किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.