परसातली वांगी, फ्रीजर आणि अर्ध्यावर थांबवलेली भाजी

ताई, तुमचं दुखणं अगदी ओळखीचं आहे. धुळ्याला घरामागच्या चार वाफ्यांत वांगी, टोमॅटो, मेथी आणि तुरीच्या शेंगा एकाच वेळी आल्यात, दोघंही नोकरीला, आणि रविवारी करून ठेवलेलं जेवण आठवडाभर फ्रीजरमधून काढून खावं असा बेत. मागच्या वर्षी तुम्ही भरिताचे सहा डबे भरले. पंधरा दिवसांनी उघडले तर पाणी एकीकडे, गर एकीकडे, शेंगदाणे भिजल्यासारखे आणि लसणाचा वास डोक्यात जाणारा. मीही पहिल्या वर्षी असंच केलं होतं. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि विचारलं, ‘हाई शिळं शे का ताजं?’ पुढे दोन दिवस मी फ्रीजरकडे बघितलंसुद्धा नाही.

चूक भरिताची नव्हती. आपण भाजी पूर्ण करून ठेवली, तिथे गडबड झाली. खान्देशी जेवणाची निम्मी चव शेवटच्या पाच मिनिटांत येते: तडतडलेली फोडणी, कच्ची कांदापात, वरून कोथिंबीर, कडकडीत तेलात तळलेले दाणे. त्या पाच मिनिटांना फ्रीजर मानवत नाही. लसूण, हिरवी मिरची, लवंग, मिरी हे गोठल्यावर उग्र होतात, कधी कडवट लागतात. कांद्याची चव बदलते. मीठ मात्र उलटं, काढल्यावर कमी वाटतं, आणि तेलाबरोबर जास्त दिवस राहिलं तर ते तेल लवकर खवट व्हायला कारण होतं. म्हणून आमच्याकडे आता नियमच झालाय की भाजणं, उकडणं, घोटणं, वाटणं ही वेळखाऊ कामं रविवारी उरकायची आणि माल तिथेच थांबवून गोठवायचा. मीठ-मसाला-फोडणी ज्या दिवशी खायचं त्या दिवशी. संध्याकाळी सव्वासातला घरी आलात तर पावणेआठला ताट वाढता येतं.

वांग्यापासूनच सुरू करते, कारण तुमचा प्रश्नही तिथलाच आणि आपला जीवही तिथेच. भरिताला आपली ती फिकट हिरवी, पांढरट रेषांची, हातात घेतल्यावर हलकी लागणारी मोठी वांगीच घ्या. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. बिया कमी, गर भरपूर आणि भाजल्यावर गोडसर. तुमच्या परसातली जांभळी असतील तर ती भाजीला ठेवा, भरितात त्यांच्या बिया दाताखाली येतात. आणि झाडावर जून होऊ देऊ नका. साल चकाकते आहे तोवर तोडा, निस्तेज झाली की आत बी धरलंच समजा.

शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, किंवा तुरीच्या काड्यांवर भाजलं तर प्रश्नच मिटला. एका जाळात दहा किलोही होतात, आणि थंडीत चार घरं मिळून भाजायला बसली की गप्पा वेगळ्या. गॅसवर भाजायची तर तेलाचा हात लावून सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर फुटतात. मंद आचेवर देठापर्यंत मऊ होऊ द्या. देठाजवळ कच्चट राहिलेला भाग गोठून निघाला की वातड लागतो. भाजलेली वांगी पातेल्यात झाकून दहा मिनिटं ठेवा, साल हाताने निघते. नळाखाली धरून सोलू नका, सगळा धूर वाहून जातो. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला.

आता तुमच्या पाणचट भरिताचं औषध. सोललेला गर चाळणीत घालून खाली वाडगं ठेवा आणि अर्धा तास विसरून जा. किलोभर वांग्यांचं पाऊण-एक वाटी पाणी सहज गळतं. ते टाकू नका, संध्याकाळच्या वरणात घाला, धुराचा वास छान लागतो. मग गर लाकडी बडगीत, म्हणजे ठेचायच्या खोलगट भांड्यात, हलक्या हाताने ठेचा. मिक्सर नको, त्याची लापशी होते. बरोबर भाजलेल्या मिरच्या ठेचायचा मोह आवरा, त्या वेगळ्या. चौघांपुरता गर जाड पिशवीत भरा, हाताने थापून वहीएवढा पातळ सपाट करा आणि ताटात आडवा ठेवून गोठवा. पातळ थर लवकर गोठतो. सावकाश गोठलेल्या मालात बर्फाचे मोठे खडे होतात, ते गराच्या पेशी फोडतात आणि सुटल्यावर पाणी बाहेर येतं. तुमच्या डब्यांत नेमकं हेच झालं. वर भरीतही गरम असतानाच बंद केलं असणार.

खायच्या दिवशी कढईत तेल जरा सढळ हाताने, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप, ताजा मिरची-लसणाचा ठेचा, भरपूर कांदापात, त्यावर गोठलेली लादी तशीच ठेवून झाकण. पाच मिनिटांत मोकळी होते. मग झाकण काढून उरलेलं पाणी आटवा, मीठ, कोथिंबीर. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबर पाहुण्याला वाढलंत तरी तो विचारणार नाही. मी वाढलंय.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे रश्शाचं वाटण. परसातल्या भाजीशी थेट नातं नाही, पण हे तयार असेल तर कुठलीही भाजी वीस मिनिटांत होते. किलोभर कांदे सालासकट जाळावर किंवा गॅसवर काळे होईपर्यंत भाजायचे, पाव किलो सुकं खोबरं भाजायचं, लसूण-आलं घालून बारीक वाटायचं आणि तेलात पाणी सुटणं बंद होईस्तोवर परतायचं. इथे थांबायचं. काळा मसाला आत्ता घालायचा नाही, त्यात लवंग-मिरी-दालचिनी असते, आणि ती गोठल्यावर काय करते ते वर सांगितलंच. लसूणही एरवीपेक्षा निम्माच घाला, उरलेला फोडणीत. गार झाल्यावर बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, गोठले की खडे काढून पिशवीत टाका. चौघांच्या शेवभाजीला मला पाच-सहा खडे लागतात. फक्त त्या ट्रेमध्ये पुन्हा बर्फ करू नका. आमच्याकडे एका उन्हाळ्यात पाहुण्यांच्या लिंबू सरबताला कांद्याचा वास आला होता.

टोमॅटोला काहीच करावं लागत नाही, आणि हे ऐकून सगळ्यांना आश्चर्य वाटतं. धुऊन, पुसून, देठाची जागा कापून अख्खे पिशवीत टाका. काढल्यावर नळाखाली धरलं की साल हातात येते. कोशिंबिरीला ते निरुपयोगी, पण रश्शाला, सारला, वरणाला उत्तम. जागा कमी असेल तर चिरून, शिजवून, आटवून निम्मे करा आणि मगच भरा.

मेथी, पालक, पोकळा आणि तुरीचे ओले दाणे कच्चे कोंबू नका. पाल्यातले एन्झाइम थंडीत मंद होतात, थांबत नाहीत. महिन्याभरात रंग जातो, गवतासारखा वास येतो. खळखळ उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात, मग घट्ट पिळून गोळे. पाव किलो पाल्याला दोन लिटर तरी पाणी घ्या, कमी पाण्यात पाला टाकला की उकळी मोडते आणि तो नुसता शिजत बसतो. मेथीचं मी कधी कधी दुसरं करते. बारीक चिरून थेंबभर तेलावर पाणी आटेपर्यंत परतते आणि मुठीएवढे गोळे गोठवते. एक गोळा कणकेत मळला की सकाळच्या डब्याचे पराठे. तुरीचे दाणे त्याच रीतीने दोन मिनिटं उकळून, गार करून, फडक्यावर कोरडे करून ताटात सुटे पसरून गोठवा, मग पिशवीत भरा. म्हणजे आमटीला वाटीभर लागले तर वाटीभरच निघतात, दगड फोडत बसावं लागत नाही.

घोटलेली वांग्याची भाजी फ्रीजरला सगळ्यात चांगली साथ देते, कारण ती मुळातच घोटलेली असते, बिघडायला तिचा आकारच नाही. वांगी उकडून घोटा आणि तिथे थांबा. त्याच दिवशी बट्ट्या, म्हणजे वरणाबरोबर खायचे पिठाचे गोळे, वाफवून, गार करून, न कापता, न तळता गोठवा. पाहुणे येणार असतील त्याच्या आदल्या रात्री दोन्ही फ्रीजच्या खालच्या खणात आणून ठेवायचं. सकाळी वरण शिजेपर्यंत बट्ट्या कापून तळल्या जातात, भाजीला फोडणी बसते, आणि लोकांना वाटतं बाई पहाटे चारला उठल्या.

काय ठेवू नये? गिलकी, दोडकी, काकडी, मुळा. गिलक्यात पाण्याशिवाय आहे काय. त्यांची भजी करून त्याच दिवशी खा. बटाटा घातलेली कुठलीही भाजी नको, बटाटा रवाळ होतो. ताकातली, बेसन लावलेली पातळ भाजी फुटते. भेंडी ठेवता येते म्हणतात, मी ठेवत नाही. आणि गवार तर वाळवाच. खान्देशच्या उन्हात गवार, मेथी, मिरच्या फुकटात वाळतात, वर्षभर डब्यात राहतात आणि वीजबिलही येत नाही. त्यासाठी फ्रीजरची जागा अडवणं मला पटत नाही.

आता फ्रीजरबद्दल, कारण तुमचा कुठला आहे ते तुम्ही लिहिलं नाही. हे सगळं महिनोन्‌महिने टिकायला उणे 18 अंश लागतात. एकदारी फ्रीजमधला वरचा बर्फाचा कप्पा सहसा तिथवर जात नाही. सोपी परीक्षा म्हणजे त्यात आइस्क्रीम ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी चमचा सहज रुतला तर तुमचा माल तीन-चार आठवड्यांत संपवायचा, त्यापुढे भरवसा नाही. आइस्क्रीम दगड झालं तर गर, वाटण आणि पाला तीन-चार महिने बिनधास्त. पिशवीत हवा ठेवू नका. तोंड थोडं उघडं ठेवून पिशवी पाण्याच्या बादलीत तोंडापर्यंत बुडवा, पाण्याच्या दाबाने हवा आपोआप बाहेर जाते, मग बंद करा. हवा राहिली की कडा पांढरट, कोरड्या पडतात. डबा वापरलात तर वर एक बोट रिकामं सोडा, पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. माझी लोणच्याची एक जुनी काचेची बरणी अशीच तडकली आणि टोमॅटोचा सगळा रस फेकावा लागला.

गार करण्यात आपल्याकडे विशेष घाई करा. पुस्तकी हिशेब दोन तासांत फ्रीजमध्ये असा आहे, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरच चाळिशीच्या पुढे असतं, तिथे तासाभरात आत गेलं पाहिजे. परातीत पसरा, खाली दुसऱ्या परातीत गार पाणी, वर पंखा. सोडवायचं तेही ओट्यावर नाही. रात्री खालच्या खणात, नाहीतर थेट कढईत.

आणि वीज. परवाच्या नव्हे, त्याआधीच्या वैशाखात वादळाने तारा तुटल्या आणि आमच्याकडे दीड दिवस अंधार. आम्ही लग्नाला गेलेलो. परत आलो तेव्हा फ्रीज चालू, पुड्या दगड, सगळं जागच्या जागी. फक्त तुरीच्या सुट्या दाण्यांच्या पुड्या एकसंध, गोळा झालेल्या दिसल्या. म्हणजे मध्ये वितळून पुन्हा गोठल्या होत्या. सगळ्या उकिरड्यात गेल्या. तेव्हापासून कप्प्यात एक वाटी पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलंय. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, तळाला गेलं असेल तर मधल्या काळात सगळं वितळलं होतं हे कळतं. घरी असताना वीज गेली तर दार उघडूच नका. गच्च भरलेला मोठा फ्रीजर बंद राहिला तर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस; वरचा छोटा कप्पा त्याहून बराच कमी. वीज आल्यावर पुडीत बर्फाचे खडे दिसत असतील तर परत गोठवलं तरी चालतं, चव थोडी उतरते एवढंच.

पुड्यांवर नाव आणि तारीख लिहाच. गोठल्यावर सगळं हिरवं सारखंच दिसतं. मी एकदा पालकाचा गोळा म्हणून मुलांच्या वरणात हिरव्या मिरचीचं वाटण सोडलं होतं. वरण ह्यांनी एकट्याने संपवलं, घाम पुसत.

या रविवारी सगळं करायला जाऊ नका. तीन किलो वांगी भाजा, किलोभर कांद्यांचं वाटण करा, टोमॅटो तसेच पिशवीत भरा, एवढं पुरे. मेथी पुढच्या आठवड्यातही उभी राहील. फ्रीज एकदारी आहे की दोनदारी ते कळवा, आणि घरात खाणारी माणसं किती, मग बट्टीच्या पिठाचं प्रमाण लिहिते.