शेजारच्या दोन नगरपालिकांनी अग्निशमन दल वाटून घेतलं तर खर्च वाचतो का?

खर्च वाचत नाही. आगीत माल वाचू शकतो, तोही आधी तयारी केली असेल तरच.

तुमची आणि शेजारची नगरपालिका एकमेकींचे बंब वापरणार, वर्षातून एकदा एकमेकींच्या अग्निशमन विभागाची तपासणी करणार, असा ठराव घाटतोय म्हणता. मी सांगली जिल्ह्यातल्या एका पालिकेत बंबावर ड्रायव्हर-कम-ऑपरेटर होतो, आता निवृत्त आहे. गाव सांगत नाही, त्यातले लोक अजून भेटतात.

एकमेकांच्या मदतीला जाणं आमच्याकडं नवीन नाही. ऊस पेटला की साखर कारखान्याची गाडी येते, एमआयडीसीची येते, शेजारच्या गावची येते. सगळं ओळखीवर आणि फोनवर. 74 व्या घटनादुरुस्तीनं अग्निशमन नगरपालिकांच्या कामांच्या यादीत बसवलं, पण आग काही ती यादी वाचून लागत नाही. कडब्याच्या गंज्या, उसाचे फड, बेदाण्याच्या शेड, हे सगळं हद्दीबाहेर. तिथल्या ग्रामपंचायतीकडं बंब कुठला असायला?

एका उन्हाळ्यात दोन शहरांच्या मधल्या एका गावात बेदाण्याची शेड पेटली. ऐन हंगाम, रॅकवर माल, खाली क्रेट आणि पुठ्ठ्याचे बॉक्स. वरची हिरवी नेट वितळून तिचे पेटते थेंब खाली टपकत होते, त्यामुळं आत शिरायची सोय नाही. आमची गाडी पहिली पोचली. साडेचार हजार लिटरची टाकी, एका ब्रँचनं, म्हणजे होजच्या टोकाच्या नळीनं, मिनिटाला साडेचारशे लिटर मारलं तरी दहा मिनिटांत कोरडी. म्हणून दुसऱ्या गाडीचं पहिलं काम आग विझवणं नसतं, पहिल्या गाडीला पाणी देणं असतं. हे बंबावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. ठराव करणाऱ्यांना मात्र सांगावं लागतं.

शेजारची गाडी भरून आली. बांधावरची वाट एका गाडीपुरती, आमची पुढं, त्यांची मागं, त्यांचे होज शेडपर्यंत पुरेनात. आमचा फायरमन होज घेऊन मागं पळाला आणि कपलिंग, म्हणजे होज जोडायचा सांधा, बसेना. आमचं 63 मिलिमीटरचं, दाबलं की खटकन बसणारं, सगळीकडं असतं तेच. त्यांच्या डिलिव्हरीचं, म्हणजे पंपातून पाणी बाहेर पडायच्या तोंडाचं, मूळ कपलिंग कधीतरी तुटलेलं आणि त्या जागी कुणीतरी शेतीच्या पाइपलाइनची आट्याची तोटी वेल्डिंग करून बसवलेली. त्यांच्या स्वतःच्या होजला जुळवून घेतलेलं, त्यामुळं त्यांचं वर्षानुवर्षं काही अडलं नव्हतं. आता पाण्यानं भरलेली गाडी आमच्या मागं उभी आणि आमचा पंप हवा ओढतोय.

शेवटी द्राक्ष बागायतदार धावून आले. फवारणीचे ब्लोअर आणि टँकर ट्रॅक्टरला जोडून आणले आणि आमच्या टाकीच्या वरच्या झाकणातून पाणी ओतायला लागले. अर्धी शेड वाचली. वाचलेल्या मालाला धुराचा वास, तो व्यापारी घेईनात ही वेगळी कथा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कपलिंगबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गाडी हद्दीबाहेर कुणाच्या परवानगीनं नेली आणि डिझेल कुणाच्या नावावर टाकायचं, एवढीच चौकशी. लेखा विभागातल्या एका साहेबांचं म्हणणं, बंब आपल्या करदात्यांचा, तो दुसऱ्याच्या आगीत का झिजवायचा? वर शेडमालकाकडून शुल्क वसूल करायची नोटीस काढली आणि ती द्यायला मलाच पाठवलं. ज्याची शेड काल जळाली त्याच्या हातात बिल! मी म्हणालो, साहेब, आपली बाजारपेठ याच लोकांच्या मालावर चालते. ते म्हणाले, बाजारपेठेचं खातं वेगळं. हा वाद मी निवृत्त होईपर्यंत चालला. अजून एखाद्या लग्नात गाठ पडली की जेवणाच्या पंगतीत पुन्हा सुरू होतो.

तुमच्या तपासणीबद्दल. रजिस्टर बघून करणार असाल तर करूच नका, रजिस्टरात सगळ्या गाड्या सुस्थितीतच असतात. शेजारच्या गावचा ड्रायव्हर न सांगता बोलवा. त्याला त्याची गाडी तुमच्या गाडीला जोडून पाणी फिरवायला सांगा. पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाला देणारा गिअर, लागतो का, पंप विहिरीतून पाणी उचलतो का, वीज गेल्यावर टाकी कुठून भरता, हे त्याला बघू द्या. तो खरं बोलेल, कारण त्याची बढती तुमच्या साहेबांच्या हातात नसते. इमारतमालकांना राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्याच्याशी याची गल्लत करू नका. ते इमारतीतल्या यंत्रणेचं, हे तुमच्या बंबाचं.

आणि शेजारी आहे म्हणून आपला बंब कमी करायचा विचार असेल तर तो आजच सोडा. केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा गाडी पोचायचा निकष शहरात 5 ते 7 मिनिटं, ग्रामीण भागात 20. सांगली-तासगाव अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, भरलेली गाडी 20 मिनिटांत ते कापत नाही. सांगली, मिरज, कुपवाड 1998 ला एका महापालिकेत आले, म्हणून मिरजेच्या आगीला सांगलीच्या गाडीची वाट बघून भागतं का? शेजारची गाडी नेहमी दुसरी. पहिली तुमचीच लागते.

पुराचंही बघा. 2019 आणि 2021 ला कृष्णाकाठची गावं एकदमच पाण्यात गेली. काठावरच्या दोन पालिकांनी एकमेकींशी करार करून त्या दिवशी काही उपयोग नाही, दोघींच्याही बोटी आपापल्या गल्ल्यांत अडकणार. पुरासाठी नदीपासून लांबची, जत, कवठेमहांकाळकडची पालिका धरा.

माझा अनुभव जुना आहे हे खरं. नव्या गाड्यांची कपलिंग एकसारखी येतात, तुमच्याकडं कदाचित हा घोळ नसेलही. तरी लावून बघा. कंत्राटी फायरमनच्या विम्यात हद्दीबाहेरचं काम धरलंय का, तेही तपासा.

ठरावात मात्र स्पष्ट लिहून घ्या: वर्दी आली की परवानगीची वाट न बघता गाडी निघेल, डिझेलचा हिशेब महिनाअखेर दोन्ही लेखा विभाग आपसात करतील, आणि ज्याचं जळालं त्याच्याकडून शुल्क घेतलं जाणार नाही. ठराव मंजूर झाला तर एक प्रत मला पाठवा. आमच्या साहेबांच्या घरी मी स्वतः नेऊन देतो.