सूर्य मेल्यावर त्याचं कृष्णविवर होईल का? आणि मेलेला तारा आपल्याला पाहता येतो का?

कृष्णविवर होणार नाही, सूर्य त्यासाठी फारच हलका आहे. (आणि 'तारा तुटला' म्हणतो ती उल्का, खड्याएवढा दगड. त्यात कुणी तारा मरत नाही.)

तारा जन्मभर स्वतःच्याच वजनाखाली चेपत असतो, पोटातली आग त्याला आतून तोलून धरते. इंधन संपलं की तोल गेला. सूर्य साधारण ५ अब्ज वर्षांनी फुगून तांबडा होईल, बाहेरचे थर सोडून देईल आणि मागे उरेल पृथ्वीएवढा तापलेला गोळा, श्वेतबटू. त्यात जळण नसतं, चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा तो निवत जातो. व्याध या ठळक ताऱ्याचा जोडीदार असाच आहे. पण व्याधाच्या झगमगाटात तो लपतो. माझ्या ८ इंची दुर्बिणीने तीन हिवाळे शोधला, नाही सापडला.

श्वेतबटू किती वजन पेलेल? १९३० साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या १९ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या भारतीय शास्त्रज्ञाने प्रवासातच हे गणित मांडलं. सूर्याच्या सुमारे १.४ पट ही ती मर्यादा.

सूर्याच्या आठेक पटींहून जड ताऱ्याच्या गाभ्यात शेवटी लोखंड साठतं. लोखंडापासून ऊर्जा मिळत नाही, म्हणून गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचा भाग उडतो, तोच सुपरनोव्हा. उरतो न्यूट्रॉन तारा: सूर्याहून जड, पण व्यास जेमतेम २० किलोमीटर. त्यातलं चमचाभर द्रव्य शंभर कोटी टनांच्या वर भरेल. गाभा याहूनही जड असेल तर त्याला काहीच थोपवत नाही, मग कृष्णविवर, ज्यातून प्रकाशही सुटत नाही.

आता पाहण्याचं. १०५४ च्या जुलैत चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत एक 'पाहुणा तारा' नोंदवला, २३ दिवस तो भरदिवसा दिसत होता. त्याच जागी आज क्रॅब तेजोमेघ, म्हणजे त्या स्फोटात उडालेल्या वायूचा ढग आहे, अजूनही सेकंदाला हजारभर किलोमीटरहून जास्त वेगाने पसरतोय. मधोमध न्यूट्रॉन तारा सेकंदाला ३० गिरक्या घेतो. दर गिरकीला त्याच्या रेडिओ लहरींचा झोत आपल्यावरून जातो. या ठोक्यांचा आवाज करून ऐकलात तर ठोके वेगळे कळतच नाहीत, जुन्या पंख्याची घरघर वाटते. असे ठोके देणारे न्यूट्रॉन तारे, म्हणजे स्पंदतारे, नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरूनही अभ्यासले जातात.

जानेवारीत, गावाबाहेरच्या अंधारात, वृषभाच्या दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाशी दुर्बीण लावा. फोटोतले रंग विसरा, फुंकर मारल्यासारखा राखाडी डाग दिसेल. तोच.